तिकिटापलीकडचे संग्रहालय

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ मधील 'जय हे' या कलाभिंतीविषयी २०१४ पासून बरेच लिहिले गेले. बहुतेक लिखाण आकड्यांपाशी थांबते: सुमारे तीन किलोमीटर लांबी, पाच हजारांहून अधिक वस्तू. पण संग्रहालयाला लांबीचे माप लावून काय कळणार? तेथे कोण जाऊ शकतो, आणि गेलेल्याला वस्तूविषयी काय समजते, हे पाहायला हवे.

भिंतीचे संकल्पक राजीव सेठी. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. दिल्लीतील कठपुतळीवाले, जादूगार, डोंबारी यांच्या 'भूले बिसरे कलाकार' या सहकारी संस्थेमागे ते उभे होते. १९८५ मध्ये वॉशिंग्टनला त्यांचे 'अदिती' प्रदर्शन झाले, तेव्हा वस्तूंच्या सोबतीने कलाकारही तेथे होते, आपली कला सादर करत होते. म्हणून टर्मिनल २ ला मी सेठींचीच मोजपट्टी लावतो. येथे कोरीव दरवाजे, खिडक्या, झरोके आहेत, मांडणी देखणी आहे. पण माणूस नाही. आमच्या पारनेर-नगर पट्ट्यात वाडा पडायला आला की जुन्या लाकडाचा व्यापारी आधी पोचतो. चौकट, खांब, तुळया निघून जातात आणि गावाला दगडमातीचा ढीग राहतो. भिंतीवरचे दरवाजे असेच आले, असे मला म्हणायचे नाही. पण दार पाहिले की ते कोणत्या गावचे, कोणत्या घरातून निघाले, सुताराचे घराणे कोणते, हे प्रश्न पडतात. कित्येक मजले उंच भिंत आणि बोर्डिंगची घाई, दोन्ही त्या प्रश्नांच्या आड येतात. प्रवासी मान वर करतो, फोटो काढतो, पुढे जातो.

नगरच्या रणगाडा संग्रहालयाशी तुलना कोणाला गमतीची वाटेल. तेथे माफक तिकीट काढून शाळेची पोरे रणगाड्याला वळसा घालतात, पाटी वाचतात, पुन्हा मागे येतात. वस्तूपाशी परत येता येणे, ही संग्रहालयाची साधी अट आहे.

दुसरा मुद्दा दाराचा. आपल्याकडे टर्मिनलमध्ये शिरतानाच सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. म्हणजे ज्या कारागिरांच्या हातची कला आत आहे, त्यांतल्या बहुतेकांना ती पाहता येणार नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर २००२ पासून राइक्सम्युझियमचे दालन आहे, तेही पासपोर्ट तपासणीच्या पलीकडेच. पण ती शाखा आहे. मूळ संग्रहालय शहरात, सर्वांना खुले आहे. 'जय हे'ला असे माहेर नाही. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाने तर आपले विमानविद्या संग्रहालय आणि ग्रंथालय सुरक्षा तपासणीच्या अलीकडे ठेवले आहे. तेथे कोणीही फुकट जाऊ शकतो.

मग वारशाचा प्रश्न. एअर इंडियाने १९५६ पासून चित्रे घेतली. त्यांत नागपूरजवळच्या बेल्याच्या बी. प्रभा होत्या, हुसेन होते, गायतोंडे होते. १९६७ मध्ये साल्वादोर दालीकडून अ‍ॅशट्रे करून घेतली आणि मोबदल्यात हत्तीचे पिल्लू दिले! कंपनी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, संग्रह मात्र सरकारकडे राहिला आणि पुढे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवला गेला. मुंबई विमानतळाचे व्यवस्थापनही २०२१ मध्ये जीव्हीकेकडून अदानी समूहाकडे गेले. त्या वेळी चर्चा धावपट्ट्यांची आणि शुल्काची झाली. हजारो वस्तूंचा पालक कोण, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे विचारलेला माझ्या वाचनात नाही.

या शहरापाशी विमानाची स्वतःची गोष्टही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन लहानशा पस मॉथ विमानाने जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निकामी होई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानात हलवावा लागे. ही गोष्ट सांगायला तीन किलोमीटरची भिंत लागत नाही. एक नकाशा, काही छायाचित्रे, टपालाची एक पिशवी पुरे. ती मांडावी आगमनद्वाराच्या बाहेर, जिथे सुप्यासारख्या गावांतून जीप करून आलेली माणसे दुबईहून येणाऱ्या पोराची तासन्‌तास वाट पाहत कठड्याला टेकून उभी असतात.