'पानी' मागणारा नायक

धान कापून, मळणी होऊन घरात आलं की मूलच्या चौकात एकच चर्चा: शंकरपट कुठं आहे आणि रात्री नाटक कोणतं? दिवाळीनंतर झाडीपट्टीचा हा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरतात, घरोघरी पाहुणे येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं.

लोक एवढं जागतात ते गाण्यांसाठीही. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, सगळं रंगमंचाजवळ प्रत्यक्ष वाजतं. गाणं रंगलं की 'वन्स मोअर' येतो आणि कथा निमूटपणे थांबते. रेकॉर्डवर नाचणाऱ्या शहरी कार्यक्रमांना ही मजा नाही.

पण या नाटकांत मला एक गोष्ट खटकते. नायक 'पाणी' मागतो, विनोदी नोकर 'पानी'. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र'; डोळा म्हणजे 'डोरा'. नोकराच्या तोंडी 'डोरा' आला की मांडव हसतो. मीही हसलोय. घरी आजीच्या तोंडून हाच शब्द ऐकला तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. मग मांडवात आपण नक्की कुणाला हसत होतो?

हाच प्रश्न दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान बोलणाऱ्यांना पडला. बाराव्या शतकात त्रुबादूर कवींनी याच भाषेत प्रेमगीतं रचली. पुढं ती शाळेत बोललेल्या मुलांना शिक्षा होऊ लागली, आणि आईबापांनीच पोरांशी फ्रेंच बोलायला सुरुवात केली. त्या लाजेला त्यांच्याकडे खास शब्दच आहे: 'वेर्गोन्या'. १९०४ मध्ये या भाषेतल्या कवितेसाठी फ्रेदेरिक मिस्त्राल यांना नोबेल मिळालं. तरीही घराघरांतून भाषा आटतच गेली.

आता फोनवर मार्सेय शहरातल्या 'लो कोर दे ला प्लाना'ची गाणी ऐका. पुरुषांचे आवाज, टाळ्या, डफासारखी वाद्यं, बस. शब्द कळत नाहीत, पाय मात्र ठेका धरतात. त्याच शहरातला 'मासिलिया साउंड सिस्टिम' हा गट १९८० च्या दशकापासून रेगेच्या चालीवर ऑक्सितान गातोय. या गाण्यांत भाषा काचेच्या कपाटात ठेवलेली नाही. ती आजच्या शहराबद्दल बोलते, भांडते, नाचवते.

तुलना पुरती जुळत नाही, हे खरं. ऑक्सितान ही फ्रेंचहून वेगळी भाषा. झाडीबोली मराठीचीच बोली. शिवाय मंडळ्यांना तिकिटं विकायची असतात, आणि भारदस्त प्रमाण संवाद प्रेक्षकांनाही आवडतात. पण आपल्याकडे दंडार होतीच. ढोलकीच्या ठेक्यावर तिनं हीच बोली रात्रभर पेलली.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ऊर भरून आला. पण मिस्त्रालांचं उदाहरण सांगतं की सन्मानानं भाषा टिकत नाही. ती टिकते ती तिच्यात रडताही येतं तेव्हा.

म्हणून या हंगामात मला एकच प्रवेश बघायचाय. मरणाच्या दारातला नायक 'पानी' मागतो, मागं ऑर्गन हळू वाजतोय, आणि मांडवात कुणीही हसत नाही.