डार्विनच्या पुस्तकातले गायब हात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांचं एक पेन्सिलचित्र काढलं. रेफरन्सला मामेभावाच्या लग्नातला फोटो होता. त्यात अण्णा मनापासून हसताहेत. मोबाइलवर फोटो क्रॉप केला, फक्त चेहरा ठेवला आणि चार रात्री त्यावर घालवल्या. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, वर चढलेले गाल, पुढच्या दातांतली फट, सगळं फोटोबरहुकूम. आईने चित्र हातात घेतलं, थोडं लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे तेच आहेत गं. पण हसत नाहीयेत. कुणीतरी 'हसा' म्हटल्यासारखे बसलेत."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. नियमित वाचकांना माहीत आहे की माझी पीएचडी चेहरे ओळखण्यावरच आहे. हसताना कुठला स्नायू काय करतो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मग चुकलं कुठे? याचं उत्तर मला एका दीडशे वर्षं जुन्या पुस्तकातल्या चित्रांत सापडलं. आज त्या पुस्तकाबद्दल, म्हणजे खरं तर त्यातल्या चित्रांबद्दल, थोडी तक्रार करणार आहे.

पुस्तक चार्ल्स डार्विनचं, १८७२ सालचं. विषय माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांची अभिव्यक्ती. विज्ञानाच्या पुस्तकात फोटो छापणं तेव्हा नवलाचं होतं, आणि डार्विनने सात पानं भरून फोटो छापले. त्याचं कारणही पटण्यासारखं आहे. चेहऱ्यावरचा भाव क्षणात येतो आणि जातो, फोटो मात्र निवांत बघता येतो. आज आपण नेटवरून 'रागावलेला चेहरा' शोधून समोर ठेवतो, तेही नेमकं याचसाठी.

फोटोंकडे वळण्याआधी डार्विनने मोठमोठ्या चित्रकारांची आणि शिल्पकारांची कामं पाहिली होती. त्यातून फारसं हाती लागलं नाही, असं तो प्रस्तावनेत सांगतो. त्याच्या मते कलाकाराला सौंदर्य जपायचं असतं आणि जोरात आकसलेले स्नायू सौंदर्य बिघडवतात. चित्रातली गोष्ट बहुतेक वेळा आजूबाजूच्या वस्तूंमधून, मांडणीतून कळते, असंही तो जाता जाता म्हणतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फोटो कुठून आले ते बघू. काही फोटो फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांच्या १८६२ च्या पुस्तकातले आहेत. त्यांचा मुख्य मॉडेल एक म्हातारा होता. त्याच्या चेहऱ्याच्या त्वचेला संवेदना फारशी नव्हती. ड्युशेन त्याच्या चेहऱ्यावर विजेची टोकं टेकवून एकेक स्नायू आकसवायचे आणि फोटो काढायचे. त्या काळी फोटोला वेळ लागायचा. प्रवाह चालू असेपर्यंत भाव जागेवर राहायचा, ही मोठी सोय होती. मूळ फोटोंत ती टोकं आणि ती धरणारे हात स्पष्ट दिसतात.

डार्विनच्या पुस्तकात भीतीचं आणि वेदनेचं चित्र आहे ते याच फोटोंवरून लाकडावर कोरलेल्या ठशांचं. त्यात टोकं नाहीत आणि हातही नाहीत. फक्त एक घाबरलेला म्हातारा उरतो. भाव विजेने आणलाय हे डार्विन मजकुरात सांगतो, लपवत नाही. पण वाचकाचा डोळा आधी चित्राकडे जातो आणि चित्र सांगतं की हा माणूस कशाला तरी घाबरलाय. कशाला? ते चित्रातून काढून टाकलंय.

दुसरे फोटो रेलँडर या लंडनमधल्या फोटोग्राफरचे. त्याने बरेच भाव स्वतःच कॅमेऱ्यासमोर अभिनय करून दिले. पुस्तकातला सगळ्यात गाजलेला फोटो रडणाऱ्या बाळाचा. फोटोग्राफीचे अभ्यासक फिलिप प्रॉजर यांनी दाखवून दिलंय की छापलेली प्रतिमा थेट त्या बाळाचा फोटो नाही. फोटोवरून एक चित्र काढलं गेलं आणि त्या चित्राचा पुन्हा फोटो! म्हणजे 'फोटो रेफरन्स' म्हणून आपण जे बघतो ते कुणीतरी आधीच रेखाटलेलं होतं.

इथपर्यंत वाचून डार्विनला फसवा ठरवू नका. या पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे त्याची स्वतःवरची शंका. ड्युशेनचे फोटो त्याने वीसहून जास्त लोकांना काहीही न सांगता दाखवले आणि हा म्हातारा कुठल्या भावनेत आहे असं विचारलं. काही भाव जवळपास सगळ्यांनी ओळखले, काहींवर प्रत्येकाचं वेगळंच मत. खरं हसू सगळ्यांना कळलं. विजेने आणलेलं हसू मात्र २४ पैकी तिघांना अजिबात कळलं नाही, आणि बाकीच्यांना ते हसण्यासारखं वाटलं तरी त्यात काहीतरी बिनसलेलं दिसलं. मथळा वाचल्यावर आपल्यालाही तोच भाव दिसू लागतो, हेही डार्विनने प्रामाणिकपणे लिहिलंय. माझ्या मते पुस्तकातल्या सगळ्या फोटोंपेक्षा ही दोन पानं जास्त मोलाची आहेत.

माझी खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. डार्विनने जगभर प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. त्यातल्या एका उत्तराचा संबंध आपल्या मुलखाशी आहे. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, राहिलेल्या अर्स्किन नावाच्या साहेबाने कळवलं की इथल्या लोकांच्या भावांबद्दल ठाम काही सांगणं अवघड आहे, कारण युरोपियन माणसासमोर हे लोक भावना लपवतात. डार्विनने ही निरीक्षणातली अडचण म्हणून नोंदवली आणि पुढे गेला. मला वाटतं, तो जिथून पुढे गेला तिथेच थांबायला हवं होतं. नगरचा शेतकरी साहेबासमोर चेहरा कोरा ठेवतो आणि घरी गेल्यावर त्याच साहेबाची नक्कल करून पोरांना हसवतो, अशी कल्पना करा. यातला खरा चेहरा कुठला? दोन्ही. समोर कोण आहे हा भावातला अडथळा नाही, भावाचाच भाग आहे.

हे आता प्रयोगांतही दिसतं. १९७९ साली क्राउट आणि जॉन्स्टन यांनी अमेरिकेत बोलिंग खेळणाऱ्यांचं निरीक्षण केलं. नेम छान लागला तरी खेळाडू पिनांकडे बघताना क्वचितच हसायचे. मित्रांकडे वळले की हसायचे. २०१२ मध्ये अविएझर, ट्रोप आणि टोडोरोव्ह यांनी टेनिसपटूंचे, पॉइंट जिंकल्याच्या किंवा हरल्याच्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा दाखवला तर जिंकलाय की हरलाय हे सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर येत होतं! आणि गंमत म्हणजे पूर्ण फोटो पाहणाऱ्यांना वाटत होतं की आपण चेहऱ्यावरूनच ओळखलं.

आता सांगते अण्णांच्या फोटोत काय होतं. पूर्ण फोटोत त्यांच्या उजवीकडे काकूंची दोन वर्षांची नात आहे. तिने अण्णांची टोपी पळवून स्वतःच्या डोक्यावर घातलीय आणि ती नाकापर्यंत खाली आलीय. अण्णांची मान, उजवा खांदा, नजर, सगळं तिच्याकडे झुकलंय. मी क्रॉप करताना ती पोरगी काढली, खांदा काढला आणि डोकं सरळ दिसावं म्हणून फोटो थोडा फिरवलासुद्धा. ठसा कोरणाऱ्याने हात पुसले, मी टोपी पुसली.

हा प्रश्न माझ्या वहीपुरता असता तर बरं झालं असतं. आमच्या प्रयोगांत वापरतो ते चेहरेही असेच असतात. केस आणि कान कापलेले, करड्या पार्श्वभूमीवर, अंडाकृती चौकटीत, बहुतेक अभिनय करून घेतलेले. एका वेळी एकच गोष्ट मोजायची तर ही काटछाट लागते, ते मला मान्य आहे. पण त्यावरून 'माणूस राग असा ओळखतो' असं लिहिताना आता माझा हात अडखळतो. प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद होता, त्याची आता तीन पानं झालीत. गाइड म्हणाले, "एवढं लिहिणार असाल तर एक प्रयोगच करा." तो करतेय.

चित्र काढणाऱ्यांनी फोटो वापरू नयेत असं मी म्हणत नाहीये. सुरकुती कुठे पडते, भुवईचं आतलं टोक दुःखात कसं वर चढतं, हे फोटोइतकं निवांत कुणी शिकवत नाही. फक्त क्रॉप करण्याआधी एक मिनिट थांबा. हा माणूस कुणाकडे बघतोय, फोटो कुणी काढलाय आणि त्याच्या आधी काय घडलं, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मान आणि खांदे शक्यतो कापू नका. एकाच प्रसंगाचे लागोपाठचे चार-पाच फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं.

आणि एक घरचा प्रयोग. अल्बममधला एखादा फोटो घ्या, चेहरा सोडून बाकी सगळं कागदाने झाका आणि घरातल्या पाचजणांना वेगवेगळं विचारा, काय चाललंय? मग कागद काढा. काय उत्तरं आली ते खाली नक्की लिहा.

मी अण्णांचं चित्र पुन्हा काढायला घेतलंय. या वेळी टोपीपासून सुरुवात केलीय.