आधी भाकीत, मग मोजमाप

लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ यायला हवी हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, आणि बहुधा ती तेवढीच येते! नाही आली तर एखादे वाचन हळूच खोडले जाते. शाळेत असताना आम्हीही हे केले आहे. मोठे शास्त्रज्ञ या मोहातून सुटतात का? हा प्रश्न धीटपणे विचारणारा एक ग्रंथ शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो. हिंटन, कद्दूर आणि सोडेन यांनी संपादित केलेला हा हजाराहून अधिक पानांचा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तंतुमय संमिश्र पदार्थ केव्हा आणि कसे मोडतात याचे भाकीत करता येते का, हा त्याचा विषय.

संमिश्र पदार्थ आपल्याला परके नाहीत. पतंगाची बांबूची कामटी उभी सहज चिरते, पण आडवी तोडताना दम लागतो. बळ तंतूंच्या दिशेने असते; तंतूंना धरून ठेवणारे द्रव्य मात्र दुबळे असते. कारखान्यात काचेचे किंवा कार्बनचे तंतू रेझिनमध्ये बसवून पातळ थर करतात आणि असे थर वेगवेगळ्या दिशांना एकमेकांवर रचतात. अशी वस्तू एकदम मोडत नाही. आधी रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात, मग थर एकमेकांपासून सुटतात आणि शेवटी तंतू तुटतात. प्रत्येक टप्प्यावर भार उरलेल्या भागांवर नव्याने वाटला जातो. एका थराची ताकद मोजता येते. पण अनेक थरांची वस्तू, तीही अनेक दिशांनी ताणली असता, केव्हा मोडेल हे सांगायला गणिती प्रतिमान लागते. अशी प्रतिमाने पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचा कर्ता आपलेच बरोबर असे म्हणतो.

१९९१ मध्ये इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे तज्ज्ञांची बैठक झाली. वापरातल्या निकषांवर कोणाचाच पुरेसा भरवसा नाही, असे तिथे दिसून आले. त्यातून पुढचा उपक्रम निघाला. संयोजकांनी सर्व सिद्धांतकारांना पदार्थांची सारखीच माहिती आणि तीच १४ उदाहरणे दिली. भाकिते आधी मागवली, ती १९९८ मध्ये छापली, आणि प्रयोगांचे आकडे त्यानंतर उघड केले. अखेरीस १९ सिद्धांतांची तुलना झाली. एकाच उदाहरणाच्या उत्तरांत कित्येक पटींचा फरक निघाला. या क्षेत्रातले ज्येष्ठ संशोधक झ्वी हाशिन यांनी तर भागच घेतला नाही. अनेक थरांच्या वस्तूच्या मोडण्याचे भाकीत कसे करायचे ते आपल्याला माहीत नाही, आणि इतर कोणाला माहीत असेल असेही वाटत नाही, असे त्यांनी कळवले. ज्यांचा निकष जगभर वापरला जातो त्यांनी असे म्हणावे, आणि संयोजकांनी ते न लपवता सांगावे, ही गोष्ट आम्हाला ग्रंथातील आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

पण ग्रंथात उणिवाही आहेत. पहिली म्हणजे ‘मोडणे’ कशाला म्हणायचे याबद्दल सर्वांचे एकमत नाही. काचतंतूंच्या काही नळ्यांत आतून दाब दिला की रेझिनमधील भेगांतून द्रव झिरपू लागतो, पण नळी फुटते त्याच्या बऱ्याच नंतर. आत अस्तर लावले तर हा दुसरा टप्पाही मोजता येतो. मग नळी ‘मोडली’ केव्हा? पाणी वाहून नेणाऱ्याचे उत्तर एक, नळीवर भार टाकणाऱ्याचे दुसरे. दुसरी उणीव: यातील काही मोजमापे आधीच शोधपत्रिकांत प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे परीक्षा पूर्णपणे बंद लिफाफ्यातली नव्हती. तिसरी उणीव गुणवारीची. संयोजकांनी पाच सिद्धांत अग्रेसर ठरवले. परंतु एखाद्याचे उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर आले, तर त्याला गुण द्यायचे का? पुक यांचा सिद्धांत भेग कोणत्या प्रतलात पडेल हेही सांगतो. एकाच समीकरणात सर्व बसवणारा निकष फक्त ‘मोडेल’ एवढेच सांगतो. हा फरक गुणांच्या बेरजेत पुरेसा दिसत नाही.

तरीही निकालानंतर काही लेखकांनी सिद्धांत सुधारले, तेव्हा मूळ आणि सुधारित अशी दोन्ही भाकिते वेगवेगळी दाखवली गेली. खोडलेले वाचन दिसत राहिले! ही शिस्त नुसती पुस्तकी नाही. बोइंग ७८७ विमानाच्या ढाच्याचे सुमारे निम्मे वजन संमिश्र पदार्थांचे आहे. गणित भरपूर झालेले असूनही मार्च २०१० मध्ये त्याच्या पंखांवर, उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार देऊन खात्री करून घ्यावी लागली.

वर्गात हे करून पाहता येईल. वर्तमानपत्राचा कागद एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. कारण त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने असतात. दोन्ही दिशांच्या पट्ट्या कापा, काही खळीने एकमेकींवर चिकटवा, वाळू द्या. कोणती पट्टी किती वजन पेलेल आणि ‘मोडली’ केव्हा म्हणायचे, हे प्रत्येकाने आधी शाईने वहीत लिहावे. मग वजने टांगा. भाकीत चुकले तर गुण कापू नका. ते खोडले तर मात्र जरूर कापा.