‘आमच्याकडं असं बोलत नाहीत’ : या तक्रारीचं संशोधनात काय करायचं?

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिससाठी विषय शोधताना तुमच्यापैकी निदान एक जण तरी ‘ग्रामीण चित्रपटांतील वास्तव चित्रण : एक चिकित्सक अभ्यास’ असं काहीतरी लिहिणार, हे मी आत्ताच सांगते. मीसुद्धा लिहिलं होतं. त्यावर एकच प्रश्न आला, वास्तव म्हणजे कोणाचं? तेव्हा राग आला होता. उत्तर पुढे घरातच मिळालं, लॅपटॉपसमोर.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) लावला होता. विदर्भातला शेतकरी किसना, त्याची बायको अलका. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलका धसका घेते आणि आपल्या पोराला बापाच्या मागावर ठेवते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष, सगळी कसलेली माणसं, पण वऱ्हाडातली नाहीत. माझी मामी जळगाव जामोदची. तिनं दहा मिनिटांत निकाल दिला, “असं कोन बोलते बापा? हे तं नाटकातलं वऱ्हाडी हाय.” बाबा सिंदखेडराजाचे. ते म्हणाले, “वहिनी, आमच्याकडं तर एवढं मले-तुले पण चालत नाही.” सिनेमा राहिला बाजूला, दोघांचीच जुंपली.

आता बघा, दोघंही बुलडाणा जिल्ह्यातले आणि दोघंही खरं बोलत होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपल्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केलेत. घाटावर सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडे बोली मराठवाड्याकडे झुकते. घाटाखाली अस्सल वऱ्हाडी, आणि मलकापूरकडे सरकलात की खानदेशी छटा लागते. म्हणून ‘चित्रपटातली वऱ्हाडी अचूक आहे का?’ हा प्रश्न संशोधनाचा होऊच शकत नाही, जोपर्यंत तुम्ही गाव सांगत नाही. प्रेक्षक ‘चूक’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात स्वतःच्या गावाची मोजपट्टी असते. ती मोजपट्टी नोंदवा. ती बरोबर की चूक हे ठरवायची घाई नको.

सिनेमा पुढे सरकला. पोरगं बापाच्या मागे मागे फिरतंय, घरातली माणसं किसनावर डोळा ठेवून आहेत. मामी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “आम्ही बी त्या साली फवारनीचं औषध घरात ठेवत नव्हतो.” त्यानंतर उच्चारांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलीच्या परीक्षेत तिनं ज्यांना नापास केलं, त्याच नटांना भीतीच्या परीक्षेत पास केलं. माझ्या मते हीच या सिनेमाची ताकद आहे. काही ठिकाणी त्याची भाषा पाठ केल्यासारखी वाटते, हे मान्य. पण घरातली पाळत, आणि जिच्यावर हसावं की रडावं कळत नाही अशी ती काळजी, ती कुठल्या बोली-प्रशिक्षकाकडून येत नाही.

मग नट मातीतले घेतले की प्रश्न सुटतो का? ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) बघा. अनुषा रिझवी यांनी नत्थाच्या भूमिकेत ओंकारदास माणिकपुरींना घेतलं, छत्तीसगडचे, हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधले. अंगकाठी, चाल, बोलणं, कशावरच बोट ठेवता येत नाही. कथा घडते ती ‘मुख्य प्रदेश’ नावाच्या काल्पनिक राज्यात. तरी आक्षेप आला तो विदर्भातून. विदर्भ जन आंदोलन समितीनं म्हटलं की यात शेतकऱ्यांची थट्टा आहे, जणू शेतकरी सरकारी मदतीच्या पैशासाठी मरतो. म्हणजे नट खरा, पण कारण खोटं.

दिग्दर्शिकेचा रोख पुढाऱ्यांवर आणि चॅनेलवाल्यांवर आहे, हे मला पटतं. तरीही आक्षेप घेणाऱ्यांना ‘व्यंग कळत नाही’ म्हणून उडवून लावणाऱ्या समीक्षकांची बाजू मी घेणार नाही. कारण आपल्याकडे शेतकऱ्याच्या मरणाची अचूकता सिनेमाच्या आधी तहसीलमध्ये तपासली जाते. प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर कुटुंबाला १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेव म्हणून. पात्र ठरायचं तर जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. भावकीकडून घेतलेले उसने पैसे कागदावर दिसत नाहीत. ठोक्यानं केलेली शेती दिसत नाही. अशा ठिकाणी ‘पैशासाठी’ हा एक शब्द पडद्यावरून खाली उतरला तर तो कोणाच्या पंचनाम्यात जाऊन बसेल, ही भीती अतिरेकी नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या ६ जिल्ह्यांत बुलडाणा होता, हे लक्षात ठेवून तो आक्षेप वाचा.

तुलनेसाठी एक बाहेरचं उदाहरण. पीटर वेअर यांचा ‘विटनेस’ (१९८५) अमेरिकेतल्या आमिश पंथाबद्दल आहे. तिथला आमिश शेतकरी रंगवला अलेक्झांडर गोदुनोव्ह या रशियन बॅले नर्तकानं. आमिश लोक कॅमेऱ्यासमोर उभं राहणं टाळतात, बहुतेक जण सिनेमाही बघत नाहीत. त्यामुळे टोपी बरोबर की चूक यावर वाद घालणारे बहुतेक बाहेरचेच. आपल्याकडे उलटं आहे. ज्याच्यावर सिनेमा आहे तो तिकीट काढून बसलाय आणि मोठ्यानं बोलतोय. संशोधकाला याहून काय हवं?

तर तुमच्या आराखड्यात ‘अचूकता’ या एका शब्दाखाली बोली, वेश, पीकपाणी, नट कुठला आणि मरणाचं कारण असं सगळं एकत्र कोंबू नका. मुलाखत घेताना ‘सिनेमा खरा वाटला का?’ असं विचारलंत तर ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळेल आणि तुम्ही तक्ता भराल. ‘कुठं खटकलं?’ विचारा. मग ‘कुठं खटकायचं थांबलं?’ हेही विचारा. हा दुसरा प्रश्न मला मामीमुळे सुचला. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत तो नव्हता.

आणि हो, असं काही ऐकलं की लगेच वही काढू नका. मी काढली. मामी उठून चहा टाकायला गेली, आणि ते साल कोणतं, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.