प्रवर्तन छेदचित्रणाची प्रतिमा आणि नीरा खोऱ्यातील क्षारपड जमीन : एक चिकित्सा

प्रस्तावना

इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात मोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या या कालव्याने परिसरात ऊस आणला, तसाच जमीन क्षारपड होण्याचा प्रश्नही आणला. हॅरॉल्ड मॅन व ताम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. खड्डा न खणता जमिनीतील क्षार पाहता येतील काय, या प्रश्नाला चुंबकीय प्रवर्तन छेदचित्रण होकारार्थी उत्तर देऊ पाहते. त्या उत्तराची मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यंत्रणा

एका कुंतलातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला असता जवळच्या वाहक पदार्थात भोवरी प्रवाह निर्माण होतात. त्यांचे दुय्यम चुंबकीय क्षेत्र दुसरे कुंतल टिपते. पदार्थाला स्पर्श करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र मूळ क्षेत्राच्या तुलनेत दुय्यम क्षेत्र अत्यंत क्षीण असते. त्यामुळे कलांतराच्या मापनातील अल्पशी ढळही प्रतिमा बिघडवते. वैद्यकीय उपयोगासाठी कॉर्जेनेव्स्की व सहकाऱ्यांनी २००० मध्ये १६ कुंतले व २० मेगाहर्ट्झ वारंवारतेची यंत्रणा मांडली. शेतजमिनीसाठी प्रचलित असलेल्या ईएम-३८ या उपकरणात दोनच कुंतले, एक मीटर अंतरावर असतात. उपकरण उभे धरल्यास सुमारे दीड मीटर व आडवे धरल्यास सुमारे पाऊण मीटर खोलीपर्यंतचा अंदाज मिळतो.

प्रतिमेची पुनर्रचना

प्रत्येक कुंतल प्रेषक व ग्राहक अशी दोन्ही कामे करीत असले, तरी १६ कुंतलांच्या स्वतंत्र जोड्या १२० च होतात. ३२ गुणिले ३२ चौकटींच्या चित्रात अज्ञात मूल्ये १०२४ असतात. अशा व्यस्त प्रश्नाला एकच एक उत्तर नसते. म्हणून तिखोनोव यांच्या नियमन पद्धतीने ‘वाहकता हळूहळू बदलते’ असे गृहीत धरून त्यांतील एक उत्तर निवडले जाते. बोर्चर्स व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हीच पद्धत ईएम-३८ च्या मापनांना लावली. पद्धत गणिती दृष्ट्या निर्दोष आहे. पण काळ्या मातीखाली एकाएकी मुरूम लागत असेल, तर ती तीव्र सीमा चित्रात पुसट होणारच. तो पुसटपणा जमिनीचा नसून गृहीतकाचा असतो. ज्या गणिती प्रतिकृतीतून कृत्रिम मापने तयार केली, तिच्याच आधारे ती उलगडून यशाचा दावा करणाऱ्या निबंधांकडे तर अधिकच सावधपणे पाहावयास हवे.

वाहकता म्हणजे क्षार नव्हे

याहून गंभीर आक्षेप अर्थनिर्णयाचा आहे. उपकरण केवळ वाहकता मोजते. ती क्षारांनी वाढते, तशीच ओलाव्याने व चिकणमातीनेही वाढते. पाटपाणी दिलेले काळे रान क्षारपड नसतानाही चित्रात गडद दिसू शकते. उलट चोपण जमिनीत विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असूनही संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असते. अशी जमीन चित्रात निर्धोक ठरण्याचा धोका आहे. खारवट जमिनीस निचरा व गोडे पाणी, तर चोपण जमिनीस निचऱ्याबरोबर जिप्सम लागते. निदान चुकले तर शेतकऱ्याचा खर्च वाया जातो आणि जमीन तशीच राहते.

निष्कर्ष

यावरून प्रवर्तन छेदचित्रण निरुपयोगी ठरत नाही. कोणत्या ठिकाणी खड्डा घ्यावा, हे सांगण्यास ते उत्तम साधन आहे. खड्ड्याची गरज मात्र ते संपवीत नाही. प्रत्येक प्रतिमेसोबत नियमनाचे गृहीतक, मापनकाळचा ओलावा व निदान काही ठिकाणच्या मातीचे प्रयोगशाळेतील पृथक्करण दिले जावे. मॅन व ताम्हाणे यांच्या काळापासून चालत आलेली माती तपासण्याची शिस्त नव्या उपकरणामुळे कालबाह्य होत नाही. उलट त्या शिस्तीविना हे चित्र अपुरे आहे.