विशेषण आणि उपलक्षण : सी भाषेतील सुवाह्य मॅक्रोंची मर्यादा

सी भाषेची घडण १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी केली आणि १९८९ मध्ये तिला पहिले प्रमाणरूप लाभले. एखादे फंक्शन कधीच परत येत नाही, एखादे चल मुद्दाम न वापरता ठेवले आहे, एखाद्या स्ट्रक्चरच्या घटकांमध्ये मोकळी जागा सोडू नये, अशा गोष्टी कंपायलरला सांगण्याची सोय त्या प्रमाणरूपात नव्हती. ही उणीव प्रत्येक कंपायलरने आपापल्या परीने भरून काढली. जीसीसीने ‘अ‍ॅट्रिब्यूट’ हा शब्द दुहेरी कंसांसह योजिला, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ‘डिक्लस्पेक’ पत्करला, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी-२३ या प्रमाणाने दुहेरी चौकोनी कंसांची तिसरी रीत आणली. एकच आशय तीन बोलींत सांगावा लागू नये म्हणून आज्ञावलीकारांनी मॅक्रोचा आश्रय घेतला. मॅक्रोचे नाव एकच राहते. कंपायलर पाहून त्याचा विस्तार बदलतो, आणि कंपायलर अपरिचित असेल तर विस्तार रिकामा राहतो.

या रीतीचे गुण उघड आहेत. बीएसडी प्रणालींच्या शीर्षसंचिका, ग्लिब हा ग्रंथालयसंच आणि लिनक्सचे कर्नल यांत ती दीर्घकाळ रुळलेली आहे. जीसीसीच्या दुहेरी कंसांमागेही हीच दृष्टी आहे. आतला सर्व मजकूर, त्यात स्वल्पविराम असले तरी, एका मॅक्रोचा एकच अर्ग्युमेंट म्हणून गिळता यावा, अशी ती सोय होय. परंतु वादाचे मूळ नेमके या गिळण्याच्या सोयीतच आहे. अपरिचित कंपायलरपुढे विशेषण निमूटपणे नाहीसे होऊ देणे सर्वच ठिकाणी निरुपद्रवी आहे काय?

न्यायशास्त्रात विशेषण आणि उपलक्षण असा भेद करतात. ज्यावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर, असे सांगितले तर कावळा उडून गेल्यानेही घर देवदत्ताचेच राहते. कावळा हे केवळ उपलक्षण होय. निळ्या कमळाचा निळेपणा मात्र काढून घेतला की ते निळे कमळ उरत नाही. कंपायलरच्या अ‍ॅट्रिब्यूटांनाही हा भेद यथार्थपणे लागू पडतो. चल न वापरल्याची सूचना दाबणारे किंवा परतमूल्याकडे दुर्लक्ष झाल्यास इशारा देणारे अ‍ॅट्रिब्यूट हे उपलक्षण आहे. ते पुसले तरी आज्ञावलीचा अर्थ ढळत नाही. याउलट ‘पॅक्ड’ हे खरे विशेषण आहे. एका बाइटचे एक आणि चार बाइटांचे एक अशा दोन पूर्णांकांचे स्ट्रक्चर ‘पॅक्ड’ असता पाच बाइटांचे होते. ते पुसले गेले की बहुतेक यंत्रांवर आठ बाइटांचे होते. अशा स्ट्रक्चरने जाळ्यावरील संदेश किंवा तबकडीवरील नोंद वाचली जात असेल, तर कंपायलर तक्रार करीत नाही, आज्ञावली चालते, आणि उत्तर मात्र चुकीचे येते. निमूट लोपाचे खरे मोल येथे चुकवावे लागते.

उपलक्षणाचा लोपही सर्वस्वी फुकट नसतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. ‘प्रिंटएफ’सारख्या फंक्शनांच्या आकृतिसूत्राची तपासणी करवून घेणारे अ‍ॅट्रिब्यूट पुसल्याने अर्थ बदलत नाही, तपासणी मात्र बंद पडते. आकृतिसूत्र परक्याच्या हाती गेल्याने काय घडते, हे २००० मध्ये वू-एफटीपीडी या सेवकाज्ञावलीतील दोषाने दाखवून दिले आहे. म्हणून ज्या कंपायलरवर मॅक्रो रिकामा होतो, त्याच एका कंपायलरवर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

तिसरा एक वर्ग प्रतिज्ञेचा आहे. ‘नोरिटर्न’ किंवा ‘नॉननल’ पुसले तर हानी नाही. परंतु ते असत्य असेल तर हानी मोठी. अमुक अर्ग्युमेंट कधीच शून्यदर्शक नसतो असे सांगितल्यावर, त्याची शून्यता तपासणारी ओळ कंपायलर निरर्थक ठरवून गाळू शकतो. मॅक्रोच्या गोड नावाखाली ही प्रतिज्ञा झाकली जाते, हा त्या रीतीचा दुसरा दोष होय.

कंपायलर ओळखण्याची प्रचलित तऱ्हाही सदोष आहे. क्लँग स्वतःस सामान्यतः जीसीसी ४.२ म्हणवितो. तेव्हा आवृत्तिक्रमांक पाहून निर्णय घेणारा मॅक्रो त्याच्या अंगी असलेले सामर्थ्यही नाकारतो. नाव विचारण्यापेक्षा सामर्थ्य विचारावे, हा मार्ग ‘हॅज-अ‍ॅट्रिब्यूट’ या प्रश्नार्थक रूपाने खुला केला. जीसीसीने तो २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला आणि सी-२३ ने त्याचे प्रमाणित रूप दिले. नावांचा संघर्षही असाच. सी-११ च्या एका शीर्षसंचिकेने ‘नोरिटर्न’ हाच शब्द मॅक्रो केल्यामुळे ‘डिक्लस्पेक’च्या कंसातील त्या शब्दाचेही रूपांतर होते. शब्दाच्या दोन्ही बाजूंस जोड अधोरेषा देण्याची जीसीसीची पर्यायी रीत अशा प्रसंगासाठीच आहे. शिवाय मॅक्रो लेखन बदलतो, स्थान बदलत नाही. नव्या चौकोनी कंसांना घोषणेच्या अगदी आरंभी, ‘स्टॅटिक’च्याही आधी, जागा लागते. ती शिस्त लेखकानेच पाळावयाची असते.

या पार्श्वभूमीवर लिनक्स कर्नलमध्ये २०१८ साली केलेली अ‍ॅट्रिब्यूटांची स्वतंत्र शीर्षसंचिका विशेष उल्लेखनीय वाटते. तीत अ‍ॅट्रिब्यूट सरसकट ऐच्छिक मानलेले नाहीत. जे एखाद्या कंपायलरला ठाऊक नसेल तेवढेच ऐच्छिक, आणि त्याचे कारण शेजारीच नोंदलेले. ‘पॅक्ड’ला तेथे रिकामा पर्याय नाही. सी-२३ नेही हाच विवेक नियमरूपाने मांडला आहे. प्रमाणित अ‍ॅट्रिब्यूट वगळले तरी काटेकोरपणे प्रमाणानुसार असलेली आज्ञावली तशीच राहिली पाहिजे. आणि म्हणूनच संरेखन ठरविणारे ‘अलाइनॅज’ हे तेथे अ‍ॅट्रिब्यूट नसून भाषेचा राखीव शब्द आहे.

सारांश, सुवाह्य मॅक्रो त्याज्य नाही. त्याच्या रिकाम्या शाखेचा अविचारी वापर त्याज्य आहे. उपलक्षणासाठी ती शाखा रिकामी असावी. विशेषणासाठी तेथे संकलन थांबविणारी त्रुटिसूचना असावी, आणि स्ट्रक्चरचा आकार सी-११ च्या स्थिर प्रतिपादनाने पडताळलेला असावा. जी आज्ञावली नव्या यंत्रावर संकलित होण्यास नकार देते ती दुरुस्त करता येते; जी निमूटपणे संकलित होऊन खोटे सांगते, तिच्यावरील विश्वास मात्र पुष्कळ उशिरा, आणि पुष्कळ हानीनंतर, उडतो.