‘पिल्लू’ की नर? : एका संज्ञेची चिकित्सा

खोल समुद्रतळी बुडालेल्या लाकडात बिळे करणाऱ्या झायलोफॅगा या द्विपुट प्राण्यांच्या शिंपल्यांवर कधी कधी अगदी इवले सजातीय जीव चिकटलेले आढळतात. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यांना ‘पिल्ले’ म्हटले आणि त्या शब्दाबरोबर अपत्यसंगोपनाची उपपत्तीही स्वीकारली गेली. हागा व कासे यांनी २०१३ साली झायलोफॅगा सप्लिकाटा या जातीतील असे जीव वस्तुतः प्रजननक्षम खुजे नर असल्याचे दाखविले. येथे आकारावरून वय ठरविले गेले, आणि संज्ञेने तो तर्क निरीक्षण म्हणून रूढ केला. वर्गीकरणकाराने प्रथम ‘लहान जीव’ एवढेच नोंदवावे. नाते सांगावे ते जननग्रंथी तपासल्यावरच. अन्य जातींतील ‘पिल्लां’चीही याच कसोटीवर फेरतपासणी व्हावयास हवी.